टँकरच्या टपावरचा निरोप्या

बारा ऑक्टोबर दोन हजार सोळा, सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटे. कार्यशाळेच्या आवारात चोवीस गाड्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीच्या टपावर एक नवी कोरी काठी उन्हात चमकत होती, आणि या टोकाच्या गाडीने सोडलेल्या शंभर निरोपांपैकी शंभरच्या शंभर निरोप त्या टोकाच्या गाडीला सुखरूप मिळाले होते. टाळ्या झाल्या. चहा आला. मित्रांनो, त्या चोवीसांतला सतरावा मी.

मी एक जुना बिनतारी संच आहे. आकाराने तुमच्या शाळेच्या डब्याएवढा, रंगाने राखाडी. माझे धड चालकाच्या आसनामागे पट्टीने आवळलेले असे आणि माझी काठी टपावर असे. शिकलेले लोक तिला अँटेना म्हणतात. तिनेच मी ऐकतो आणि तिनेच बोलतो.

माझ्या पोटात एक हिरवी पाटी आहे आणि तिच्यावर कथिलाचे एकशे बारा टाके आहेत. ते सगळे कारखान्यातल्या एका ताईने तापल्या सळईने घातले. साठावा टाका घालताना तिला शिंक आली, हात किंचित हलला. वरून पाहणाऱ्याला काही कळले नसते. ताईने मात्र तो टाका उकलला, जागा पुसली आणि पुन्हा घातला. पुढे सात वर्षे मी खड्ड्याखड्ड्यांतून आदळत आपटत फिरलो, पण तो टाका कधी सुटला नाही. ताईला माझा चेहराही आठवत नसेल. मी मात्र कोणाचे उपकार आधी सांगू असा प्रश्न पडला की तिच्यापासून सुरुवात करतो.

आमचे काम काय, ते नीट सांगितले पाहिजे. वर एक पठार होते, त्यावर वस्ती आणि एक छोटा दवाखाना. खाली नगर, आणि नगरात मोठे रुग्णालय. मध्ये सहा किलोमीटरांचा घाट, एकोणीस वळणांचा. पठारावर आणि खाली पुलाजवळ निरोप झेलणारे खांब उभे होते. घाटात मात्र खांब टिकत नसे. दरड कोसळली की खांबही जाई आणि फोनची तारही तुटे. मोबाईलला तर कड्याआड रेंजच मिळत नसे. म्हणून असे ठरले, की जिथे खांब उभा राहत नाही तिथे घाटात रोज ये-जा करणाऱ्या चालत्या गाड्यांनाच खांब करायचे. वरच्या गाडीने निरोप खालच्या गाडीकडे द्यावा, तिने तिच्या पुढच्या गाडीकडे, आणि असे हातोहात करत तो पुलाजवळच्या खांबापर्यंत न्यावा.

त्यासाठी आम्ही सगळे संच दर सेकंदाला एक हाक देत असू : मी इथे आहे, या दिशेने चाललो आहे, माझा वेग इतका आहे. ज्यांच्या हाका ऐकू येत ते आमचे शेजारी. निरोप हाती आला, की शेजाऱ्यांपैकी जो पुलाच्या सर्वांत जवळ असेल त्याच्याकडे तो भिरकावावा आणि आपण मोकळे व्हावे, असा आम्हाला नियम घालून दिला होता. ऐकायला नियम शहाणपणाचा वाटतो. आवारात तर तो शंभर नंबरी ठरला होता.

रस्त्यावर उतरलो आणि पहिल्याच आठवड्यात शंभरातले त्रेपन्न निरोप पोहोचले. बाकीचे सत्तेचाळीस कुठे गेले, हे कोणालाच कळेना.

साहेब, म्हणजे कार्यशाळेचे प्रमुख, मोठे शिस्तीचे गृहस्थ. त्यांच्या आवारात पानाही जागचा हलत नसे. कोणता पाना कोणत्या खिळ्याला, हे भिंतीवर रंगाने काढलेले होते. त्यांनी आमच्या तारा तपासल्या, टाके तपासले, पुन्हा चोवीस गाड्या ओळीत लावल्या. पुन्हा शंभरपैकी शंभर! रस्त्यावर पुन्हा त्रेपन्न. साहेबांनी कपाळाला हात लावला. दोष संचांचा नाही, आवाराचा नाही, मग उरले कोण? उरला सतरा नंबर. कारण त्या पहिल्या महिन्यात बाकीच्यांच्या हातून हजारो निरोप गेले होते आणि माझ्या हातून तीन.

मित्रांनो, मी ज्या गाडीवर होतो तो पाण्याचा टँकर होता. पठारावरच्या वस्तीला रोज खालून पाणी नेऊन देणे हे त्याचे काम. चढताना तो भरलेला असे म्हणून हळू, आणि उतरताना रिकामा असला तरी हळू, कारण त्याचे चालक मामा उताराला दुसऱ्या गिअरच्या वर जातच नसत. घाटातल्या प्रत्येक गाडीने टँकरला मागे टाकायचे, हा जणू घाटाचा रिवाजच झाला होता. आणि जो सगळ्यांच्या मागे, त्याला पुलाच्या जवळचा म्हणून कोण निवडणार?

"सतरा नंबर काढून ठेवा. नुसती जागा अडवतोय," साहेब म्हणाले.

"मला आठ दिवस द्या," बाई म्हणाल्या. "मी त्या टँकरमधून फिरते. मग काढायचा तर काढू."

बाई म्हणजे बिनतारी विभागाच्या अभियंता. वय तिशीच्या आतबाहेर, हातात कायम एक आडव्या रेघांची वही, आणि गळ्यात दोरीला अडकवलेले थांबघड्याळ. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, शिडीने टँकरच्या टपावर चढल्या, आणि वरूनच त्यांचा आवाज आला.

"मामा! हे काय आहे?"

"टोपी," खालून मामा म्हणाले.

"कुणाची?"

"त्याचीच. उन्हातान्हात उघडाबोडका उभा असतो बिचारा. घरात एक जुनं पातेलं होतं, म्हटलं घालू डोक्यावर. सुतळीनं बांधलंय, उडायचं नाही."

"अहो मामा, धातूचं पातेलं! याच्या कानांवर तुम्ही उशी दाबून ठेवलीय, आणि तोंडावर पण."

मामा ओशाळले. "म्हणून हा गप्प असायचा होय? मला वाटलं, स्वभावानंच गरीब आहे."

बाई इतक्या हसल्या की शिडी हलली. पातेले निघाले आणि महिनाभराने मला आभाळ ऐकू आले. आता तुम्ही म्हणाल, या मामांनी तुझे नुकसानच केले. तसे मला कधी वाटले नाही. सबंध ताफ्यात कोणाला आपल्या संचाच्या डोक्यावर ऊन लागते याची आठवण तरी झाली होती का? पुढच्या आठवड्यात बाईंनीच एका प्लॅस्टिकच्या बाटलीचे बूड कापून आणले. "टोपी हवीच असेल तर ही घाला. प्लॅस्टिकला त्याची ना नाही." ती टोपी मी शेवटपर्यंत मिरवली.

टोपी काढल्यावर मला सगळ्यांच्या हाका ऐकू येऊ लागल्या, पण निरोप कोणी देईना. नियम तोच होता. बाई मात्र माझ्यासमोर वही उघडून बसल्या. कोणत्या गाडीची हाक मला किती वेळ ऐकू येते, एवढेच त्या मोजत. लाल जीप, पुढे गेली, सात सेकंद. पांढरी मोटार, पुढे गेली, पाच सेकंद. औषधांची व्हॅन, पुढे गेली, नऊ सेकंद. असा एक रकाना सरसर भरत गेला.

दुसरा रकाना भरायला वेळ लागे. घाटात रस्ता अरुंद. टँकरला मागे टाकायला मिळायचे ते फक्त तीन ठिकाणी. एरवी उतरताना आमच्यामागे आठ-दहा गाड्या खोळंबून येत. त्यांचे भोंगे, त्यांचे टोमणे, मामांना सगळे पाठ होते.

"ओ मामा, टँकर आहे की मिरवणूक?" मागच्या जीपमधून कोणीतरी ओरडे.

"मिरवणूकच आहे! तू वाजव, आम्ही चालतो," मामा खिडकीतून हात काढून सांगत.

तिसऱ्या दिवशी बाईंची पेन्सिल मध्येच थांबली. त्यांनी वही मागेपुढे चाळली. दुधाची गाडी, मागे, अकरा मिनिटे. भाजीचा टेम्पो, मागे, चौदा मिनिटे. दगडांचा ट्रक, मागे, सोळा मिनिटे.

"मामा, ही मागची माणसं किती वेळ असतात हो आपल्यामागे?"

"उतार संपेपर्यंत. जातील कुठं? एकीकडे कडा, एकीकडे दरी."

"आणि पुढे गेलेले?"

"ते काय, दिसले न दिसले."

बाईंनी दोन्ही रकान्यांवरून पेन्सिल फिरवली. मग म्हणाल्या, "एक सांगा. तुम्हाला कुणाकडे निरोप धाडायचा आहे. महत्त्वाचा आहे. रस्त्यानं बरेच जण चाललेत. तुम्ही कुणाच्या हाती द्याल? सगळ्यांत पुढे असेल त्याच्या?"

"छे हो! त्याला हाक मारेपर्यंत तो वळणाआड. पळता पळता त्यानं हो म्हटलं, तरी ऐकलं की नाही कुणाला ठाऊक. जो आपल्या बरोबरीनं चालतोय त्याच्या हाती द्यायचा. वर त्याच्याकडून वदवून घ्यायचा. आणि वदवून घेईपर्यंत आपण विसरायचा नाही." मामांनी गिअर बदलला. "यात विचारण्यासारखं काय आहे? शाळेत शिकवत नाहीत का हे?"

"आम्हाला नाही शिकवलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले.

मित्रांनो, हरवलेल्या सत्तेचाळीस निरोपांचे कोडे हे होते. पुलाच्या सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे आमच्या ऐकण्याच्या अगदी कडेला असलेला, आता पुढच्या वळणाआड जाणार असा शेजारी. आम्ही मोठ्या विश्वासाने हात पुढे करत असू आणि समोरचा हात तोवर निघून गेलेला असे. निरोप दरीत पडे आणि आम्ही तो दिला म्हणून मोकळे होत असू. आवारात हे कसे दिसावे? तिथे तर सगळ्या गाड्या उभ्या होत्या. चालत्या गाड्यांच्या यंत्रणेची परीक्षा साहेबांनी चाके अडकवून घेतली होती!

"म्हणजे आता टँकरवाल्याच्या सल्ल्यानं यंत्रणा चालवायची?" साहेबांनी विचारले.

"साहेब, आपण उभ्या चोवीस गाड्या मोजल्या. चालती एकही मोजली नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग त्यांनी कार्यशाळेच्या नोंदवहीत स्वतःच्या अक्षरात लिहिले : चाचणी उभ्या गाड्यांची झाली, ही माझी चूक. खाली सही, तारीख. तीस वर्षे ज्यांच्या शब्दाबाहेर पाना गेला नाही, त्यांनी हे लिहिले. माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा सल त्या सहीबरोबरच गेला.

नियम बदलले. आता शेजारी निवडताना आम्ही त्याची दिशा आणि त्याचा वेग पाहून ही सोबत किती वेळ टिकेल याचा हिशेब करू लागलो. ज्याची सोबत टिकणारी, त्याच्या हाती निरोप. त्याने 'मिळाला' असे सांगेपर्यंत निरोप आपल्याजवळ जपून ठेवायचा. कोणी शेजारी नसेल तर तो पोटाशी धरून चालत राहायचे. आणि बाईंनी आणखी एक कलम घातले : जिची सोबत दहा सेकंदांहून कमी, त्या गाडीला निरोप द्यायचाच नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो ना!

त्या दिवसापासून माझे नशीब पालटले. ज्या रांगेपायी मामांनी जन्मभर बोलणी खाल्ली, ती रांगच आता घाटातली सर्वांत भरवशाची वाट झाली. दीड किलोमीटर लांबीची, एका चालीने उतरणारी, न तुटणारी साखळी. आणि तिच्या तोंडाशी मी. रस्त्यावर शंभरातले एक्क्याण्णव निरोप पोहोचू लागले. कुठे पाणी कमी पडले, कुठे दरड आली, दवाखान्याला कोणते औषध हवे, असे कितीतरी निरोप माझ्या हातून गेले. पण त्यांतला एक मी तुम्हाला सविस्तर सांगणार आहे.

मामांची लेक पठारावरच्या वस्तीतच राहत होती. पहिलटकरीण होती. पुढेही बाई अधूनमधून टँकरमधून येत, तेव्हा मामा तिच्याविषयीच बोलत.

"तिचा रक्तगट फार दुर्मिळ आहे म्हणे. खालच्या रुग्णालयात तशी पिशवी नसते. शेजारच्या शहरातून आणावी लागते, त्याला पाऊण तास."

"मग आधीच खाली आणून ठेवा की तिला."

"पुढच्या आठवड्यात आणणारच आहे. ऐकते कुठं! म्हणते, बाबा, तुमच्या टँकरनं निघाले तर बाळ वाटेतच चालायला लागेल."

तो पुढचा आठवडा यायचा होता. मार्च महिन्यातली सकाळ. निघताना मामांनी लेकीच्या दारापाशी गाडी उभी करून विचारले होते, "बरं आहे ना गं?"

"बरी आहे, बाबा. तुम्ही निघा. पाणी संपत आलंय."

सव्वाआठला आम्ही घाटाच्या तोंडाशी आलो. नेहमीप्रमाणे मागे एकेक गाडी जमत गेली. आठ शेहेचाळीसला, पूल अजून दीड किलोमीटर असताना, रांगेच्या शेपटाकडून निरोप आला. पठारावरच्या खांबाने तो दुधाच्या गाडीला दिला होता, ती येऊन आमच्या रांगेला मिळाली होती, आणि तिथून सात गाड्यांचे हात लागत तो डोळ्याचे पाते लवण्याआधी माझ्याकडे आला. दवाखान्याच्या रुग्णवाहिकेने आठ चाळीसला तो सोडला होता. स्त्री, वय चोवीस, पहिले बाळंतपण, रक्तस्राव सुरू. खाली तो रक्तगट लिहिला होता. दोन पिशव्या तयार ठेवा. एका तासात पोहोचतो.

पठारावर त्या गटाची गरोदर स्त्री एकच होती.

मित्रांनो, मला ऐकता येते, मोजता येते, पण माणसाशी बोलता येत नाही. माझ्यापासून एका हातावर मामा गाडी चालवत होते आणि खुशाल गुणगुणत होते. रुग्णवाहिका नऊ चाळीसला रुग्णालयात पोहोचणार. रक्त यायला पाऊण तास. म्हणजे निरोप आठ पंचावन्नच्या आत पुलाच्या खांबाला मिळाला तरच त्याचा उपयोग. आमच्या चालीने खांबाच्या कानाशी जायला सहा मिनिटे हवी होती. आठ बावन्न. जमत होते.

आठ अठ्ठेचाळीसला मामांनी गाडी बाजूला घेतली.

शेवटून तिसऱ्या वळणावर रस्ता थोडा रुंद होता. ब्रेक तापले की मामा तिथे दहा मिनिटे थांबत आणि मागच्या रांगेला वाट देत. तापल्या ब्रेकने पुढचा तीव्र उतार उतरायचा नाही, हा त्यांचा नेम. नेम चांगलाच होता. पण त्या सकाळी त्या दहा मिनिटांत माझ्या पोटात त्यांची लेक होती.

रांग सुटली. मी प्रत्येकाला हाक मारत होतो. दगडांचा ट्रक गेला. त्याची सोबत आठ सेकंद. लाल जीप धूळ उडवत गेली, चार सेकंद. पांढरी मोटार, सहा. मी उभा आणि ते पळते, मग सोबत टिकावी कशी? बाईंचे कलम मला हलू देत नव्हते : दहा सेकंदांच्या आत देऊ नये. सगळ्या गाड्या पुलाकडेच निघाल्या होत्या, हातभर अंतरावरून जात होत्या, आणि मी नियमाने बांधलेला मुका उभा होतो. नियम ज्यांनी केला त्यांनी चालत्या टँकरचा विचार केला होता. थांबलेल्या टँकरचा केला नव्हता.

उरल्या दोनच गाड्या. भाजीचा टेम्पो आणि दुधाची गाडी. टेम्पो चालवत होत्या त्या काकू रोजच्या ओळखीच्या. त्यांनी टँकरच्या बरोबरीला येऊन टेम्पो उभा केला आणि काच खाली केली.

"काय मामा, आज ब्रेक तापले की डोकं?"

"ब्रेक. डोकं तापायला सवड कुठं आहे?"

एक, दोन, तीन. मी मोजत होतो. मागून दुधाच्या गाडीने भोंगा वाजवला.

"थांब रे, नासत नाही तुझं दूध!" काकूंनी आरशात बघून त्याला सुनावले. "मामा, लेक कशी आहे?"

"बरी आहे. सकाळीच विचारून निघालो."

सहा, सात.

"बाळंत झाली की भाजी माझ्याकडून न्यायची बरं का. पालेभाजी, ताजी."

"ताजी असली म्हणजे झालं."

"अहो, माझ्या भाजीवर अजून दव आहे! टेम्पो तुमच्या वेगानं चालवला असता तर शिळी झाली असती."

मामा खो खो हसले. दहा. अकरा. त्या हसण्यातच कलम सुटले. टेम्पो अजून माझ्या बरोबरीला होता आणि त्याची सोबत खरी ठरली होती. मी निरोप दिला. टेम्पोच्या संचाने 'मिळाला' म्हटले. मी तो पुन्हा वदवून घेतला.

"येते हो," काकू म्हणाल्या आणि निघाल्या. आपल्या भाजीबरोबर काय निघाले आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

मामा आठ अठ्ठावन्नला हलले. पुलापलीकडे पाणी भरायच्या जागी आम्ही पोहोचलो आणि नळी लावून थोडा वेळ झाला नसेल, तोच रुग्णवाहिका भोंगा वाजवत रस्त्याने गेली. तिथला पंपवाला धावत आला. "मामा, चला! आत तुमचा जावई बसलेला दिसला मला." मामांच्या हातची नळी तशीच खाली पडली. पाणी वाया गेलेले मी त्या एकाच दिवशी पाहिले.

दोन दिवसांनी बाई वही घेऊन आल्या. माझ्या पोटातली सगळी नोंद त्यांनी उतरवून घेतली होती आणि ती मामांना ओळीने वाचून दाखवली.

"म्हणजे ती माझ्या गाडीत होती? आणि मी तिथं ब्रेक गार करत, थट्टा करत बसलो होतो?" मामांनी विचारले.

"थट्टा केलीत म्हणून तर," बाई म्हणाल्या. "काकू थांबल्या नसत्या तर माझ्या दहा सेकंदांच्या नियमानं घात केला असता. तो नियम मी काल काढून टाकला. उभी गाडी असेल तर जवळून जाणाऱ्या पहिल्या गाडीला द्यायचा, आणि मागाहून येईल त्यालाही द्यायचा, पोच मिळेपर्यंत." त्यांनी ओळीवर बोट ठेवले. "मीही चालत्या गाड्याच मोजल्या, मामा. थांबलेली मोजली नाही."

 मामांनी हात मागे करून माझ्या पाठीवर दोनदा थोपटले, जसे बैलाला थोपटतात तसे. एवढे कौतुक मला पुरले. अजून पुरते आहे.

आता मी निवृत्त आहे. टँकर मोडीत निघाला, मामा घरी बसले, नवे संच माझ्या निम्म्या आकाराचे आणि दुप्पट कानांचे आले. मला बाईंनी तंत्रशाळेच्या फडताळात ठेवून दिले आहे. मध्यंतरी वर्षभर कोणी फडताळ उघडले नाही, काठीवर धूळ बसली. त्याचे दुःख मी करीत बसलो नाही. ज्याला एवढी चांगली माणसे लाभली त्याने धुळीची तक्रार काय करावी?

मित्रांनो, एकच मागणे आहे. एखादी वस्तू हळू चालते म्हणून ती निरुपयोगी ठरवू नका. ती कोणाकोणाला सोबत देते ते आधी मोजा. जी चालायची आहे तिची परीक्षा चालवून घ्या आणि थांबवूनही घ्या. यंत्राची काळजी जरूर घ्या, पण त्याच्या डोक्यावर काही घालण्याआधी जाणत्याला विचारा. आणि कोणाचा निरोप हाती आला, तर समोरच्याने 'मिळाला' म्हणेपर्यंत तो आपलाच समजा.

बाईंची ती वहीही माझ्याशेजारी आहे. त्या सकाळच्या पानावर त्यांच्या नीटस अक्षरात लिहिले आहे : निरोप सुटला आठ चाळीस. खांबाला मिळाला आठ त्रेपन्न. रक्त रुग्णालयात नऊ सदतीस. रुग्णवाहिका नऊ एक्केचाळीस. तेवढ्यावर त्या वही मिटणार होत्या, पण मामांनी पेन्सिल मागितली.

"मामा, अहो, हा रकाना बिनतारी नोंदींचा आहे."

"मग? पोचलं ना?" मामा म्हणाले, आणि त्यांनी जाड, वाकड्या अक्षरांत खाली एक ओळ लिहिली.

लेक सुखरूप. नात, दोन किलो सातशे ग्रॅम.